आष्टीचा मुलूख आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन

१

आष्टी या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. बीड जिल्ह्यांतील आष्टी हें तालुक्याचें ठिकाण आहे. सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यांत दुसरी आष्टी आहे. वर्धा जिल्ह्यांतील आष्टी १९४२ च्या चळवळीमुळें सर्वांस ठाऊक झाली, आणि जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतही एक आष्टी आहे. नामसाम्य हें संशोधकास नेहमींच चकविणारें असतें; दोरीच्या ठायीं सर्प भासावा तसा एका गांवाच्या ठायीं दुसऱ्या गांवाचा इतिहास भासूं लागतो. ‘आष्टीची लढाई’ या शब्दांनीं असा भास वारंवार उत्पन्न केला आहे. दिनांक २० फेब्रुवारी १८१८ रोजीं ज्या लढाईंत पेशव्यांचे सेनापति बापू गोखले धारातीर्थीं पडले, ती लढाई बीडकडील आष्टीस झाली, अशी समजूत कित्येकांच्या बोलण्यांत आढळते.

ही समजूत टिकणारी नाहीं. लढाईच्या पूर्वीं बाजीराव सोलापुराकडून पंढरपुराच्या रोखानें येत होता व जनरल लायोनेल स्मिथ वेळापुराकडून त्याच्यावर चालून जात होता. सोलापूर, पंढरपूर व वेळापूर हीं तिन्ही ठिकाणें भीमेच्या अंगाचीं. त्यांच्या टापूंत बसते ती मोहोळ तालुक्यांतील आष्टी, जिला लोक गोपाळ आष्टी म्हणतात. बीडकडील आष्टी त्या वेळीं निजामाच्या अमलांत असून ती या धांवपळीच्या मार्गापासून पुष्कळ उत्तरेस राहते. तेव्हां लढाईची आष्टी कोणती, हा वाद येथें संपतो.

परंतु म्हणून बीडकडील आष्टीचा मुलूख त्या काळच्या रणधामधुमीपासून अलिप्त होता असें मात्र नव्हे. आष्टी, पाटोदा, जामखेड, भूम व परांडा हा सलग पट्टा म्हणजे पेशवे व निजाम यांच्या राज्यांची सीमा. याच पट्ट्याच्या आसपास १७६३ च्या ऑगस्टांत राक्षसभुवनाची लढाई झाली. याच पट्ट्यांत ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्याची लढाई झाली. आणि याच पट्ट्यांत फेब्रुवारी १८०४ मध्यें एका इंग्रज सेनापतीनें दक्षिणेंतील आपली अखेरची मोठी चाल केली. हा सेनापति पुढें इंग्लंडचा सर्वांत नामांकित उमराव झाला. वाटर्लूचा जेता ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. त्याचें चरित्र इंग्रजींत शेंकडों वेळां लिहिलें गेलें आहे. आमच्या मुलखाच्या बाजूनें तें पाहावें, आणि त्यांत बापू गोखल्यांचें स्थान कोणतें तें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

आर्थर वेलस्ली याचा जन्म १७६९ मध्यें आयर्लंडांतील डब्लिन शहरीं झाला. बाप गॅरेट हा अर्ल ऑफ मॉर्निंग्टन या पदवीचा धनी व संगीताचा शोकी. मूळ आडनांव वेस्ली. वेलस्ली असें रूप कुटुंबानें १७९८ च्या सुमारास स्वीकारलें. विलायतेंत उमरावाची पदवी व मिळकत थोरल्या मुलाकडे जाते. धाकट्यांस पलटण, धर्मखातें किंवा वकिली यांतून आपली वाट काढावी लागते. आर्थर हा धाकट्यांपैकीं. ईटनच्या शाळेंत त्यानें विशेष चमक दाखविली नाहीं. पुढें फ्रान्सांत आंजे येथें घोड्यावर बसण्याचें व रीतभातीचें शिक्षण घेऊन १७८७ मध्यें तो लष्करांत शिरला. त्या काळीं लष्करांतील हुद्दे विकत मिळत. वशिला व पैसा यांच्या बळावर १७९३ मध्यें, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तो ३३ व्या पायदळ पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. १७९४ च्या फ्लँडर्समधील फसलेल्या मोहिमेंत त्याला पहिला खरा अनुभव मिळाला, तो सैन्य कसें चालवूं नये याचा.

१७९७ च्या फेब्रुवारींत तो पलटणीसह कलकत्त्यास उतरला. पुढल्याच वर्षीं त्याचा थोरला भाऊ रिचर्ड हा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि धाकट्या भावाचें दैव उघडलें. १७९९ मध्यें टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेंत सुलतानपेठच्या आमराईवर रात्रीं केलेला त्याचा हल्ला फसला. तरी ४ मे रोजीं श्रीरंगपट्टण पडल्यावर त्या शहराचा बंदोबस्त त्याच्याच हातीं आला. भावाच्या वशिल्याची चर्चा तेव्हांही झाली. वशिला होता हें खरें. पण मिळालेल्या संधीचें त्यानें काय केलें हेंही पाहिलें पाहिजे.

१८०० मध्यें धोंडजी वाघ या बंडखोराचा पाठलाग हा मराठी इतिहासाशीं त्याचा पहिला निकट संबंध होय. या पाठलागांत पेशव्यांकडून धोंडोपंत गोखले उतरले होते. धोंडजीनें त्यांना गांठून ठार मारलें. त्यांचे पुतणे बापू गोखले बचावले व चुलत्याचा सूड घेण्यासाठीं वेलस्लीच्या फौजेबरोबर राहिले. १० सप्टेंबर १८०० रोजीं कोनगल येथें धोंडजी पडला. ज्या बापू गोखल्यांनीं अठरा वर्षांनंतर इंग्रजांशीं लढतां लढतां देह ठेवला, त्यांची इंग्रजी लष्कराशीं ओळख अशी मैत्रीच्या नात्यानें झाली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

३

२५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या मैदानांत यशवंतराव होळकरानें शिंदे व पेशवे यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव वसईस पळाला आणि ३१ डिसेंबर रोजीं त्यानें इंग्रजांशीं तह केला. बाजीरावास गादीवर परत बसविण्याचें काम वेलस्लीकडे आलें. १८०३ च्या मार्चांत तो कर्नाटकांतून निघाला. अमृतराव पुणें जाळणार अशी खबर आल्यावर त्यानें घोडदळ पुढें काढून सुमारें साठ मैलांची मजल बत्तीस तासांत मारली व २० एप्रिल रोजीं पुणें गांठलें. १३ मे रोजीं बाजीराव शहरांत आला. दक्षिणेंतील त्याच्या कामगिरीचा आरंभ असा एका साठ मैलांच्या दौडीनें झाला. शेवटही तशाच दौडीनें झाला, तो पुढें येईल.

शिंदे व नागपूरकर भोसले यांच्याशीं बोलणीं निष्फळ होऊन कर्नल कॉलिन्स ३ ऑगस्ट रोजीं शिंद्यांच्या छावणींतून निघाला. ८ ऑगस्ट रोजीं वेलस्लीनें अहमदनगरची (आतांच्या अहिल्यानगरची) पेठ शिड्या लावून घेतली व १२ तारखेस किल्लाही त्याच्या हातीं आला. गोखले व निपाणकर अप्पा देसाई हे पेशव्यांकडील सरदार या वेळीं त्याच्याबरोबर होते. या लोकांनीं सकाळीं येऊन पेठ पाहिली, तटावरून चालत गेले, आंतील लोक मारले आणि न्याहारीला परत आले, अशा आशयाचें आश्चर्य गोखल्यांनीं पत्रांतून व्यक्त केल्याचें इंग्रज ग्रंथकार मोठ्या कौतुकानें सांगतात. आपल्यापुढें तें इंग्रजी भाषांतराच्या रूपानें येतें. त्यांतील थट्टा किती, भय किती आणि सावधपणा किती, हें मूळ मोडी पत्राच्या शब्दांवरूनच ठरावयाचें.

तटावर चढणें हें धाडस खरें. परंतु या मोहिमेचें मर्म त्यांत नाहीं. तें रसदेच्या व्यवस्थेंत आहे. वेलस्लीची दृष्टि सतत बैल, धान्य व नदी या तीन गोष्टींवर असे. तोफा व गाड्या ओढण्यास म्हैसूरचे अमृतमहाल बैल होते, ते मूळ हैदर-टिपूंच्या राजवटींत नांवारूपास आलेले. धान्य वाहण्यास वंजाऱ्यांचे तांडे होते. पावसाळ्यांत नद्या उतरण्यासाठीं वेताच्या, चामड्यानें मढविलेल्या गोल नावा बांधविल्या होत्या. पेंढारी व हलके स्वार यांच्यापासून रसद राखण्यास म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार होते. म्हणजे सेनापति विलायती आणि कवाईत विलायती; पण फौजेचे पाय याच देशाचे होते. बैल चांगले असून त्यांची निगा राहिली नाहीं तर जलद हालचाल होणें नाहीं, असें त्यानें पुनःपुन्हां लिहिलें आहे. शिवकालापासून मराठी फौजेचें सामर्थ्य ज्या हलकेपणांत होतें, तें आमच्या सरदारांनीं जड तोफा व बाजारबुणगे यांच्या पायीं गमाविलें. आणि जड फौज हलकी कशी करावी, हें या परक्यानें याच भूमीवर साधलें.

२९ ऑगस्टच्या सुमारास तो औरंगाबादेस (आतांच्या छत्रपति संभाजीनगरास) पोंचला. ६ ऑगस्ट रोजीं निजाम अली मरण पावून सिकंदर जाह गादीवर आला होता. शिंदे-भोसले गोदावरी उतरून हैदराबादेकडे वळले असते तर नव्या निजामाचें आसन डळमळलें असतें. तें टाळण्यासाठीं वेलस्ली गोदेच्या कांठानें खालीं सरकला. त्याच्या सप्टेंबरच्या आरंभींच्या पत्रांवर ‘राकिसबॉम’ असें एक चमत्कारिक स्थलनाम येतें. तें दुसरें तिसरें कांहीं नसून आपलें राक्षसभुवन होय. चाळीस वर्षांपूर्वीं जेथें मराठ्यांनीं निजामाची फौज बुडविली, त्याच परिसरांत निजामाचा दोस्त इंग्रज आतां पहारा करीत होता.

पुढील कथा सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांत असई येथें शिंदे-भोसल्यांची फौज त्याला अनपेक्षित गांठ पडली. वाटाडे उतार नाहीं म्हणत असतां, नदीच्या दोन्ही कांठांवर समोरासमोर दोन गांवें दिसतात तेव्हां मध्यें उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून त्यानें फौज उतरविली. नैयायिक ज्यास अनुमान म्हणतात त्याचें याहून चोख उदाहरण रणांगणावर क्वचित् सांपडेल. शिंद्यांच्या तोफखान्यानें त्या दिवशीं इंग्रजांचें एवढें रक्त सांडलें कीं मृत व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक झाले. वेलस्लीचा एक घोडा गोळीनें पडला, दुसरा भाल्यानें जखमी झाला. पेशव्यांचे व म्हैसूरचे स्वार या वेळीं नदीच्या दक्षिणेस राहून शत्रूच्या घोडदळास अडवून होते. शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांस मिळाल्या. म्हातारपणीं, आपली रणांतील सर्वांत उत्तम कामगिरी कोणती असें कोणी विचारलें असतां त्यानें वाटर्लूचें नांव न घेतां असईचें घेतलें. २९ नोव्हेंबर रोजीं अडगांव आणि १५ डिसेंबर रोजीं गाविलगड असे आणखी दोन विजय झाले; १७ डिसेंबर रोजीं भोसल्यांशीं देवगांवचा व ३० डिसेंबर रोजीं शिंद्यांशीं सुर्जी-अंजनगांवचा तह झाला.

४

बहुतेक चरित्रकार येथें दक्षिणेचा अध्याय मिटवितात. आमच्या मुलखाचा अध्याय मात्र येथें सुरू होतो.

तह झाले कीं फौजा मोडतात आणि मोडलेल्या फौजांतील पोटार्थी शिपाई वाट फुटेल तिकडे जातात. १८०४ च्या जानेवारींत अशा बेकार स्वारांची व पायदळाची एक मोठी टोळी परांड्याच्या बाजूस जमली. तिच्यापाशीं तोफाही होत्या. पेशवे व निजाम या दोघांच्याही सरहद्दीचा हा मुलूख. एकाच्या हद्दींत लुटावें व दुसऱ्याच्या हद्दींत राहावें, ही सोय अशा लोकांस नेहमींच मानवते. फेब्रुवारीच्या आरंभीं वेलस्लीच्या पत्रांवर निमगांव या मुक्कामाचें नांव आहे. आष्टी तालुक्यांत निमगांव आहे, शिरूर कासार तालुक्यांत आहे, कर्जतकडेही आहे. म्हणून नुसत्या नांवावरून कोणीं आपल्या गांवास हा मान देऊं नये. ज्या कारणानें दोन आष्ट्यांची गल्लत झाली त्याच कारणानें येथेंही होईल. मजलांचें अंतर, दिशा व नदीनाले हीं तीनही जुळलीं तरच स्थलनिश्चय झाला असें म्हणावें.

दिनांक ४ रोजीं तो परांड्याच्या जवळ आला आणि टोळी अद्याप एका मजलेवर आहे अशी बातमी त्याला लागली. दिवसाची मजल झालेली, शिपाई थकलेले; तरी त्यानें घोडदळ व निवडक पायदळ घेऊन रात्रींच पुन्हां कूच केलें. ५ तारखेच्या सकाळीं तो टोळीवर जाऊन आदळला. टोळी नुकती हलूं लागली होती. पाठलाग दुपारपर्यंत चालला. तोफा, दारूगोळा, बाजार व सामान सर्व हातीं लागलें आणि टोळी उधळली. ४ तारखेच्या सकाळपासून ५ च्या दुपारपर्यंत फौजेनें सुमारें साठ मैल भुई तुडविली. पायदळासह एवढी मजल आपण कधीं मारली नव्हती, असें तो पुढेंही सांगत असे. चपळाईंत आतां आपण मराठ्यांस मागें टाकूं लागलों, अशा अर्थाचें वाक्य त्यानें याच काळांत लिहिलें आहे.

या स्थळाचें नांव इंग्रजी कागदांत ‘मंकैसीर’ असें पडलें आहे. तें भूम तालुक्यांतील माणकेश्वर होय, असें आमचें मत आहे. ‘श्व’ या जोडाक्षराचा उच्चार इंग्रजी कानास लागत नाहीं, त्याचा ‘स’ होतो व अंत्य ‘र’ तेवढा राहतो. परांड्याचें सान्निध्य हें दुसरें प्रमाण. शब्द व स्थान हीं दोन्ही प्रमाणें एकत्र येतात, म्हणून हा स्थलनिश्चय निव्वळ नामसाम्यावर उभा नाहीं. माणकेश्वर हें प्राचीन शिवालयासाठीं प्रसिद्ध आहे, व तेंच नांव आडनांवाच्या रूपानें बाजीरावाचे कारभारी सदाशिवपंत माणकेश्वर यांच्यामुळें पेशवाईच्या अखेरीस गाजलें; पण ५ फेब्रुवारी १८०४ ची ही चकमक मात्र विसरली गेली. तीत कोणी मोठा सरदार पडला नाहीं, कोणाची गादी गेली नाहीं, आणि पळालेल्या टोळीची बखर कोण लिहिणार?

तथापि लढाईच्या मोठेपणावरून तिचें महत्त्व ठरवूं नये. असईस इंग्रज जिंकले ते कवाइतीच्या व संगिनीच्या बळावर. पण समोरचीं शिंद्यांचीं कंपूंचीं पायदळेंही कवाइतीचीच होतीं. माणकेश्वरीं मात्र अकस्मात् येणें, रात्रींची दौड व पाठलाग या मराठी युद्धकलेच्या जुन्या हत्यारांनींच इंग्रजानें काम उरकलें. आमच्या मतें दक्षिणेंतील राजकारणाचा खरा पालट येथें दिसतो. तोफा गेल्या तर नव्या ओततां येतात. वेगाचा मक्ता एकदां दुसऱ्याच्या हातीं गेला म्हणजे तो परत मिळविणें कठीण.

या दौडीची दुसरी बाजू रयतेची. १८०२-०३ मध्यें होळकरी फौजेनें नगर प्रांत लुटून साफ केला होता. १८०३ चा उत्तरेचा पाऊसही चुकला. त्यामुळें १८०३-०४ सालीं नगरच्या टापूंत भयंकर दुष्काळ पडला. नगरास नेमलेल्या कॅप्टन ग्रॅहम यास वेलस्लीनें, नुसतें धान्य वांटण्यापेक्षां काम देऊन मजुरी द्यावी, असें सुचविलें. ही सूचना व्यवहाराची होती यांत शंका नाहीं. परंतु ज्या मुलखांतून वर्षभर तीन-चार फौजांचे बैल व घोडे चरत गेले, त्यांत वैरण आणि दाणा कोठून उरणार, हाही विचार त्याच कागदांशेजारीं ठेवला पाहिजे.

५

१८०४ च्या मार्चांत वेलस्लीचा मुंबईस मोठा सत्कार झाला, आणि १८०५ च्या मार्चांत तो हिंदुस्थान कायमचा सोडून गेला. बापू गोखले येथेंच राहिले. वेलस्लीच्या पत्रव्यवहारांत ‘गोकला’ या रूपानें त्यांचें नांव कितीतरी वेळां येतें. कधीं त्यांच्या स्वारांच्या उपयोगाबद्दल, कधीं पगाराच्या बाकीबद्दल. पुढें कर्नाटकाच्या सुभ्यावर त्यांचा जम बसला व बाजीरावाच्या शेवटच्या दिवसांत सेनापतिपद त्यांच्याकडे आलें.

१८१७ च्या ५ नोव्हेंबर रोजीं खडकीची लढाई होऊन बाजीरावाच्या मागें इंग्रजी फौज लागली. आरंभीं पेशवा पुढें व जड तोफांसह इंग्रज मागें, असा प्रकार चालला. त्यांत इंग्रज थकत. १८१८ च्या फेब्रुवारींत साताऱ्याचा किल्ला घेतल्यावर त्यांनीं फौजेची वांटणी बदलली. किल्ले घेण्याचें काम जनरल प्रिट्झलर याजकडे देऊन घोडदळ व हलकें पायदळ जनरल स्मिथनें पाठलागासाठीं वेगळें काढलें. ही माणकेश्वरची युक्ति होय. सेनापति निराळा, रीत तीच. २० फेब्रुवारी रोजीं स्मिथनें गोपाळ आष्टीस पेशव्याची छावणी गांठली. बाजीराव घोड्यावर बसून निघून गेला. त्यास निसटण्यास अवधि मिळावा म्हणून गोखले थोड्या स्वारांनिशीं इंग्रजी घोडदळावर तुटून पडले व तेथेंच पडले. स्मिथही जखमी झाला. छत्रपति प्रतापसिंह महाराज व त्यांचीं माणसें इंग्रजांच्या हातीं आलीं.

या लढाईंत गोखल्यांचें शौर्य सर्वांनीं वाखाणलें आहे. आम्हांस त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. इंग्रजी फौज कशी हलते हें १८०० व १८०३ मध्यें तिच्या शेजारीं घोडा चालवून पाहिलेला असा सेनापति पेशव्यांच्या बाजूस हाच मुख्य होता. त्या ज्ञानाचा उपयोग करण्यास लागणारा धनी मात्र त्यांस लाभला नाहीं. ज्या रात्रींच्या दौडीनें वेलस्लीनें परांड्याकडील टोळी उधळली, तशाच दौडीनें त्यांच्या स्वतःच्या छावणीवर घाला आला. दोन आष्ट्यांची गल्लत भूगोलाच्या दृष्टीनें चूक आहे. पण एका आष्टीच्या मुलखांत इंग्रजांनीं जी विद्या पक्की केली, तिचें फळ दुसऱ्या आष्टीस आमच्या पदरीं आलें, एवढा संबंध त्या दोन नांवांत खरा आहे.

६

उमरावाचें पुढील चरित्र विलायतेंतील असल्यामुळें त्यावर आम्ही फार रेंगाळत नाहीं. येथें जो वावरला तो लॉर्ड नव्हता, केवळ मेजर जनरल होता. तेव्हां १८०३-०४ च्या घटनांत त्यास ‘ड्यूक’ म्हणणें हा कालविपर्यास होय. १८०८ पासून पोर्तुगाल व स्पेन येथें त्यानें फ्रेंचांशीं झुंज घेतली. १८०९ मध्यें तालावेऱ्याच्या लढाईनंतर तो व्हायकौंट वेलिंग्टन झाला, १८१२ मध्यें अर्ल व मार्क्विस आणि १८१४ मध्यें ड्यूक. त्या देशांतही त्यानें रसद, बैल व उतार यांचाच हिशेब आधीं केला. म्हैसूरचे बैल तेथें नाहींत, याची त्याला खंत वाटे. १८ जून १८१५ रोजीं वाटर्लू येथें नेपोलियनचा पराभव झाला. १८२८ ते १८३० तो इंग्लंडचा मुख्य प्रधान होता व १८२९ मध्यें कॅथॉलिक प्रजेस हक्क देणारा कायदा त्यानें मनाविरुद्ध, पण राज्याची गरज ओळखून, पार पाडला. पार्लमेंटच्या सुधारणेस विरोध केल्यामुळें लोकांनीं त्याच्या वाड्याच्या खिडक्याही फोडल्या. १४ सप्टेंबर १८५२ रोजीं वॉल्मर येथें त्याचा अंत झाला आणि १८ नोव्हेंबर रोजीं लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत त्यास पुरण्यांत आलें.

कागदपत्रांच्या संग्राहकांस त्याच्या विजयांपेक्षां त्याची एक संवय अधिक मोलाची वाटेल. तो प्रत्यहीं लिहीत असे, स्पष्ट लिहीत असे आणि नकला ठेवीत असे. कर्नल गरवुड यानें १८३४ पासून त्याच्या पत्रांचे खंड छापले. पुढें त्याच्या मुलानें १८५८ पासून पुरवणी खंड काढले, त्यांतील आरंभींचे हिंदुस्थानविषयक आहेत. मूळ कागदांचा मोठा संग्रह १९८३ पासून साउदॅम्प्टनच्या विद्यापीठांत आहे. एका माणसाची दोन वर्षांची दिनचर्या गांववार लावतां येईल इतकी ही सामग्री आहे. आमच्याकडेही वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस संस्कृत शिकवीत शिकवीत पटवर्धनांचें दप्तर लोकांपुढें आणलें. त्यामुळें कर्नाटकाकडील बाजू उजळली. सीना व मांजरा यांच्या मधील मुलुखाकडून मात्र अजून तसें दप्तर पुढें आलेलें नाहीं.

७

म्हणून या लेखाचा शेवट आम्ही एका विनंतीनें करतों. आष्टी, पाटोदा, जामखेड, भूम व परांडा या तालुक्यांतील देशमुख, देशपांडे व कुळकर्णी यांच्या घरीं अजून रुमाल आहेत. घर मोडतें, माळा उतरविला जातो आणि कागद रद्दींत जातात, हें आपण सर्वच पाहतों. ज्यांच्या हातीं असे रुमाल येतील त्यांनीं पुढील खुणा ध्यानांत ठेवाव्या. माणकेश्वरच्या चकमकीचें साल शके १७२५, रुधिरोद्गारी संवत्सर, फसली १२१३, सुहूर सन अर्बा मयातैन व अलफ. गोपाळ आष्टीच्या लढाईचें साल शके १७३९, ईश्वर संवत्सर. सुहूर सन समान अशर मयातैन व अलफ. कागदांत नुसतें ‘मौजे आष्टी’ असेल तर परगणा व सरकार पाहावें. निजामी अमलांतील कागदावर फसली सन विशेषें करून आढळेल. साल, परगणा व अंमल हीं तीन जुळल्याखेरीज कोणताही कागद कोणत्याही आष्टीच्या पदरीं बांधूं नये.

आणि केवळ सरदारांचीं पत्रें शोधूं नयेत. फौज शेतांतून गेल्यावर पिकाच्या पायमल्लीबद्दल मागितलेली सूट, वेठीस नेलेल्या बैलांची यादी, वैरण घेतल्याची चिठी, दुष्काळांत परागंदा झालेल्या कुळांचीं नांवें, असे कागद दिसण्यांत क्षुद्र असतात. पण ड्यूकच्या पत्रांत जी मजल मैलांनीं मोजलेली आहे ती या कागदांत दाण्यानें व वैरणीनें मोजलेली सांपडेल. एका पक्षाची साक्ष छापून झाल्यास आतां पावणेदोनशें वर्षें उलटून गेलीं. दुसऱ्या पक्षाची साक्ष माळ्यांवर आहे. ती वाळवीच्या आधीं आपल्या हातीं लागावी.